कुंडीतील अग्निशिखा

पावसाळा तोंडावर आला की गच्चीवरील कुंड्यांची माती पुन्हा उकरली जाते आणि यंदा काय लावावे याची चर्चा घरोघरी रंगते. कोथिंबीर, मेथी, लवंगी मिरची ही नेहमीची मंडळी. त्यांच्या जोडीला हल्ली भूत जोलोकियासारख्या अतितिखट मिरच्यांचे बीही हौसेने आणले जाते. ही हौस स्वागतार्ह आहे. मात्र ज्या घरात लहान मुले अथवा दमेकरी आहेत, तेथे या रोपाबरोबर काही शिस्तही घरात आली पाहिजे.

भूत जोलोकिया मूळची आपल्या ईशान्येची. आसाम, नागालँड, मणिपूर येथील परसबागांत ती पिढ्यान्‌पिढ्या वाढत आली आहे. मणिपुरात तिला उमोरोक म्हणतात, तर नागा मिरचीला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. २००७ मध्ये जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून तिची नोंद झाली, तेव्हा तिचा तिखटपणा दहा लाख स्कोव्हिल एककांहून अधिक भरला होता. आपल्या स्वयंपाकातील बहुतेक तिखट मिरच्या एक लाखाच्या आतच राहतात. पुढे तिचा विक्रम इतर वाणांनी मोडला. परंतु घरगुती स्वयंपाकासाठी तिचे एक फळही फार झाले.

हा दाह येतो कोठून? मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य आपल्या मज्जातंतूंवरील उष्णता ओळखणाऱ्या ग्राहकांना चेतवते. प्रत्यक्षात जीभ भाजलेली नसते. तरी मेंदूला वार्ता पोहोचते ती चटका बसल्याची. हा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पक्ष्यांमधील ग्राहकावर कॅप्सेसिनचा असा परिणाम होत नाही. म्हणून पोपट मिरची मिटक्या मारीत खातो. तिखटपणा बियांत असतो हा समजही दुरुस्त करावा. तो मुख्यतः बिया ज्याला चिकटतात त्या आतील पांढऱ्या गरात असतो.

आता लागवडीकडे वळू. या बियांना रुजण्यास पंचवीस ते तीस अंश उष्णता लागते आणि दोन ते चार आठवडे, क्वचित त्याहूनही अधिक काळ जातो. म्हणून उतावीळ होऊन माती उकरू नये. मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी आडोशाला बी पेरले, तर फुलोरा पावसाळ्यानंतरच्या सौम्य हवेत येतो. पारा पस्तिशीपलीकडे गेला की फुले गळतात, हे त्यामागील कारण. चार-सहा पाने फुटल्यावर रोप बारा इंची कुंडीत हलवावे. माती, शेणखत व कोकोपीट यांचे मिश्रण भुसभुशीत असावे आणि तळाचे छिद्र मोकळे असावे, कारण साचलेले पाणी मुळे कुजवते. नत्रयुक्त खत अति झाल्यास झाड पानांनी डवरते, फळे मात्र मोजकीच धरतात. पाने आक्रसून चुरडामुरडा दिसू लागला, तर फुलकिडे व पांढरी माशी शोधावी आणि निंबोळी अर्क फवारावा.

शेजारच्या कुंडीतील ढोबळी मिरची यामुळे तिखट होईल, अशी शंका अनेकांना येते. तसे घडत नाही. परागसंकराचा परिणाम त्या फळातील बियांवर, म्हणजे पुढील पिढीवर होतो. त्यामुळे तुम्ही स्वतः राखलेले बी मात्र जपून पेरावे.

फळ लालबुंद झाले की खरी जबाबदारी सुरू होते. कुंडी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. तो चमकदार रंग मुलांना खुणावतो. तोडताना व चिरताना हातमोजे घालावेत आणि सुरी व पाट लगेच साबणाने धुवावेत. हातांची आग झाल्यास आधी गोडेतेल चोळावे, नंतर साबण लावावा. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. तोंडाची आग शमवण्यास पाण्यापेक्षा दूध किंवा दही उपयोगी पडते. डोळ्यात अंश गेल्यास डोळा न चोळता भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा आणि डॉक्टरांना दाखवावे. ही मिरची फोडणीत टाकू नये. तिच्या खकाण्याने दमेकऱ्याचा श्वास अडू शकतो.

आणि पैजा टाळाव्यात. अतितिखट मिरची खाण्याच्या स्पर्धेनंतर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावून अत्यंत तीव्र डोकेदुखी झालेल्या एका तरुणाचा वृत्तान्त २०१८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. आम्लपित्त, मूळव्याध किंवा जठरव्रण असणाऱ्यांनी तर या मिरचीचा मोह धरूच नये.

मग ती लावावी कशासाठी? एका फळाचा लहानसा तुकडा बरणीभर लोणच्याला पुरेसा तिखटपणा देतो. त्याहून मोलाचे म्हणजे, रुजण्याची वाट पाहणे, फुलोरा जपणे आणि तीव्र वस्तू आदराने हाताळणे हे धडे मुलांना तिच्या निमित्ताने घरच्या घरी मिळतात. तेव्हा यंदा एकच रोप लावा, आणि पहिले फळ धरण्यापूर्वी घरातील प्रत्येकाला त्याची ओळख करून द्या.