आवाजाला कप्पे पाडू नका

लग्नातली संगीताची रात्र असो की शाळेचं स्नेहसंमेलन, ‘पिंगा’ वाजलं की बायका-मुली आपसूक उठतात. ‘बाजीराव मस्तानी’तलं हे गाणं २०१५ साली आलं. दीपिका आणि प्रियांका सगळ्यांच्या लक्षात राहिल्या, श्रेया घोषाल यांचं नावही बहुतेकांना ठाऊक असतं. काशीबाई झालेल्या प्रियांकासाठी कोण गायलं, असं विचारलं की मात्र आपल्याच वर्धा जिल्ह्यात माणसं गप्प होतात. तो आवाज हिंगणघाटच्या वैशाली माडे यांचा आहे.

हे गाणं एकदा पडद्याकडे न बघता ऐका. मस्तानीच्या ओळी श्रेया घोषाल नजाकतीने, अलगद वळणं घेत गातात. काशीबाईच्या ओळी आल्या की आवाज मोकळा होतो, शब्दावर जोर येतो, खेळणाऱ्या बाईचा दम त्यात जाणवतो. पिंगा हा मंगळागौरीचा खेळ. त्यात चढाओढ असतेच. समोर देशातली पहिल्या फळीची गायिका असताना त्या चढाओढीत जराही मागे न हटणं, हे वैशाली माडे यांचं कर्तृत्व आहे.

इंग्रजांच्या काळात हिंगणघाटचा कापूस परदेशी बाजारात गावाच्या नावाने ओळखला जायचा. कापसाला मिळालेली ही ओळख गळ्याला सहजासहजी मिळत नाही. वैशाली माडे यांनी झी मराठीवरचं ‘सारेगमप’ जिंकलं. त्यानंतर २००९ मध्ये हिंदीतल्या ‘सारेगमप चॅलेंज’चं विजेतेपदही पटकावलं. तरी त्यांचा आवाज देशभर घुमायला पुढची सहा वर्षं जावी लागली आणि तेव्हाही निमित्त झालं नऊवारी नेसलेल्या काशीबाईचं. २०१९ च्या ‘कलंक’मध्ये प्रीतम यांनी संगीत दिलेलं ‘घर मोरे परदेसिया’ त्या श्रेया घोषाल यांच्यासोबत गायल्या. त्या गाण्यात मराठीपणाचा मागमूस नाही. म्हणजे कुवतीचा प्रश्न कधीच नव्हता. मराठी मातीचा आवाज मराठी पात्रापुरता, असा कप्पा धंदा चालवणाऱ्यांनी आधीच पाडून ठेवला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

असले कप्पे जगभर आहेत. पॉप-पंक हे अमेरिका-कॅनडातल्या तरुणांचं संगीत: भरधाव गिटार, दणकट ड्रम आणि वयात येणाऱ्या पोरांचा राग. टोरांटोच्या स्कारबरो भागातली फेफे डॉब्सन ही कृष्णवर्णीय मुलगी २००३ मध्ये आपला पहिला अल्बम घेऊन या संगीतात उतरली. गोऱ्या ॲव्हरिल लव्हीनशी तिची तुलना होत राहिली. दुसरा अल्बम तयार असताना कंपनीने तो गुंडाळून ठेवला. तिने सहलेखन केलेलं ‘स्टार्ट ऑल ओव्हर’ २००७ मध्ये मायली सायरसच्या आवाजात लोकांपुढे आलं. तरी ती मागे हटली नाही. २०१० मध्ये ‘स्टटरिंग’ घेऊन परतली आणि हे गाणं कॅनडात पहिल्या दहांत गेलं. २०२१ मध्ये विलो स्मिथचं ‘ट्रान्सपरंट सोल’ गाजलं, तेव्हा कृष्णवर्णीय मुलीने पॉप-पंक गाणं ही जणू नवलाई असल्यासारखी चर्चा पुन्हा झाली. ज्या रॉक संगीतातून हे सगळं निघालं, त्यात इलेक्ट्रिक गिटार घुमवणाऱ्या पहिल्या काही कलावंतांत सिस्टर रोझेटा थार्प ही कृष्णवर्णीय बाई होती, याचा सोयीस्कर विसर पडला होता. ज्यांनी पाया घातला, त्यांच्याच लेकींकडे परवाना मागितला जातो, हा अन्याय आहे.

फेफेचा झगडा रंगाचा आहे, वैशाली माडे यांच्या वाटेतली अडचण वेगळी. दोन्हींना एकाच मापाने मोजणं बरोबर नाही. पण ‘तू अमुकच गा’ असं दुसऱ्याने ठरवण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे. ती रीत मुंबईतच आहे असं समजून आपण हात झटकू शकत नाही. आपल्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली टिपऱ्या घेऊन भुलाबाईची गाणी म्हणतात. गावोगावच्या भजनी मंडळांत बाया खंजिरी वाजवतात, १४ एप्रिलला भीमगीतांच्या मंचावर जीव ओतून गातात. गळ्यांचा तुटवडा वर्धा जिल्ह्यात कधीच नव्हता. पण गणपती-शारदोत्सवाचा ऑर्केस्ट्रा ठरवायची वेळ आली की ‘बाहेरची पार्टी’ हवी असते, आणि गावातल्या मुलीला स्वागतगीतापुरतं उभं केलं जातं. तिला मानधन द्यायचं असतं, हे कुणाच्या मनातही येत नाही.

म्हणून मंडळांच्या कार्यकर्त्यांना आणि शाळा-कॉलेजच्या सांस्कृतिक विभागांना माझं सांगणं आहे. यंदा कार्यक्रमाचा निदान अर्धा तास जिल्ह्यातल्या एखाद्या मुलीला द्या. काय गायचं हे तिला ठरवू द्या: अभंग, गझल, रॅप किंवा गिटारवरचा आरडाओरडाही. बॅनरवर पाहुण्यांच्या फोटोंइतक्याच ठळक अक्षरांत तिचं नाव छापा, आणि कार्यक्रम संपल्यावर मानधनाचं पाकीट तिच्या हातात द्या.