चुकून लागला तर कापू नका

मोबाइलच्या बाजूचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबलं गेलं, की आजचे बरेचसे अँड्रॉइड फोन आपला मालक संकटात आहे असं धरून चालतात. कर्कश आवाज सुरू होतो, पडद्यावर आकडे उलटे पळू लागतात आणि ते संपले की ११२ या आणीबाणीच्या नंबरला फोन लागतो. हे पाच वेळा दाबणं दरवेळी बोटानंच होतं असंही नाही. कव्हर घट्ट असलं की बटण दबलेलं राहतं. कापसाच्या दिवसांत धूळ आणि रुईचे बारीक तंतू फटीत बसतात आणि बटण अडकतं. पँटच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा असतोच, आणि फोन नातवाच्या हाती गेला तर विचारायलाच नको. पुढं काय होतं तेही ठरलेलं आहे. माणूस दचकतो, लाल बटण दाबून फोन कापतो, तिकडून परत आला तर उचलत नाही आणि शेवटी फोनच बंद करून ठेवतो. माझ्या मते या तिन्ही गोष्टी नेमक्या उलट्या आहेत. चुकून लागलेला फोन कापण्यापेक्षा दोन वाक्यं बोलून मिटवणं दोन्हीकडच्यांना स्वस्त पडतं.

असं का, हे समजायला तो फोन जातो कुठं ते पाहावं लागेल. बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्यातून लावलेला ११२ नांदुरा पोलीस ठाण्यात वाजत नाही. महाराष्ट्रात २०२१ पासून ही यंत्रणा चालू आहे आणि तिची फोन घेणारी केंद्रं नवी मुंबईत आणि नागपुरात आहेत. तिथला माणूस फोन घेतो, नोंद करतो. ती नोंद जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात, म्हणजे घाटावर बुलढाण्याला येते आणि तिथून घाटाखालच्या जवळच्या पोलीस गाडीतल्या पडद्यावर जाते. फोन घेणाऱ्यानं नांदुरा कधी पाहिलेलं असेलच असं नाही, तुम्हाला तर तो ओळखतच नाही. फोन आला आणि तीन सेकंदांत कापला गेला, तर त्याच्या हाती काय उरतं? एक नंबर आणि शांतता. पण जिच्या हातातून कुणी फोन हिसकावला तिचाही फोन असाच कापला जातो. नवऱ्याच्या भीतीनं जी बोलू शकत नाही, तिच्याकडूनही अशीच शांतता ऐकू येते. त्यामुळं ही शांतता रद्दीत टाकता येत नाही. परत फोन लावून पाहणं त्याला भागच असतं. तुम्ही उचलला नाहीत तर शंका वाढते, आणि फोन बंद लागला तर आणखीच वाढते.

अशा फोनांचा हिशेब ब्रिटनमध्ये २०२३ साली झाला. तिथला आणीबाणीचा नंबर ९९९, १९३७ पासूनचा, म्हणजे लोकांच्या अंगवळणी पडलेला. तरी २०२३ च्या जून महिन्यात तिथल्या पोलीस प्रमुखांच्या परिषदेला जाहीरपणे सांगावं लागलं की न बोलता येणारे फोन बेसुमार वाढले आहेत आणि अँड्रॉइडमधली ही पाच वेळा दाबायची सोय हे त्यामागचं एक कारण आहे. डेव्हन आणि कॉर्नवॉल भागातल्या पोलिसांनी तर अशा एका मुक्या फोनचा निकाल लावायला वीस मिनिटांपर्यंत वेळ जातो असं सांगितलं. चूक फक्त अँड्रॉइडची आहे असंही नाही. आयफोन १४ मध्ये गाडीचा अपघात ओळखून आपोआप मदत मागवण्याची सोय आली, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या बर्फाळ उतारांवर घसरत खेळणाऱ्यांच्या खिशांतून आणीबाणीचे फोन जाऊ लागले. म्हणजे यंत्र फसतं हे गृहीतच धरलेलं बरं. ब्रिटनच्या पोलिसांनी लोकांना दिलेला सल्ला साधा होता: चुकून लागला तर लाइनवर थांबा आणि चुकून लागला एवढं सांगा.

आपल्याकडं हा सल्ला पचायला जड जातो, आणि त्याचं खरं कारण तंत्रज्ञानात नाही. पोलिसांशी स्वतःहून बोलायचं, तेही आपल्या नंबरावरून, ही कल्पनाच अनेकांना नको वाटते. नाव विचारतील, गाव विचारतील, उद्या ठाण्यात बोलावतील, खोटा फोन केला म्हणून गुन्हा लावतील. ही भीती अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. ठाण्याच्या पायरीचा अनुभव ज्याचा त्याला ठाऊक. पण कायदा काय म्हणतो ते पाहा. सरकारी नोकराला खोटी माहिती देण्याचा गुन्हा, पूर्वीचं भारतीय दंड संहितेतलं १८२ कलम आणि आताच्या भारतीय न्याय संहितेतलं २१७, माहिती खोटी आहे हे जाणून दिली तरच होतो. ‘चुकून लागला’ हे तर खरं सांगणं झालं. शिवाय तुम्ही कापला तरी नंबर तिकडं पोचलेलाच असतो. लपायचं काही उरलेलं नसताना गप्प राहिल्यानं संशय तेवढा वाढतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ही कटकटच नको, सोयच बंद करून टाकू, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. बंद करता येते, त्यात अवघड काही नाही. पण अशी सोय आली कशी ते आठवावं. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर देश हादरला आणि त्यातून पुढं २०१६ मध्ये केंद्र सरकारनं नियम केला, की १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये मदतीचं बटण हवं. साध्या कीपॅडच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण झटपट तीनदा दाबायचं, असं त्या नियमात होतं; आज बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर ते पाच वेळा आहे. आजही घरोघरी म्हाताऱ्यांकडं साधा फोन असतो आणि त्यातल्या बहुतेकांना हा ५ आणि ९ कुणी सांगितलेला नसतो. आता नांदुऱ्याचं ठिकाण पाहा. १०५ फुटी हनुमानाच्या मूर्तीशेजारून जो महामार्ग जातो, त्याच महामार्गावर शेजारच्या मलकापूरला २९ जुलै २०२३ च्या पहाटे दोन खासगी बस समोरासमोर धडकल्या आणि सहा जण गेले. अशा वेळी सीटखाली अडकलेल्याचा एकच हात मोकळा असेल, तर पॅटर्न काढून, नंबर शोधून फोन लावणं त्याला जमणार नाही. ही सोय त्याच्यासाठी आहे.

मधला रस्ता फोनमध्येच असतो, फक्त कुणी तिथवर जात नाही. सेटिंगमध्ये ‘सुरक्षितता आणि आणीबाणी’ या भागात आणीबाणी एसओएस सापडतं. बऱ्याच फोनवर तिथं दोन पर्याय असतात: पाच वेळा दाबल्यावर फोननं थोडे आकडे मोजून आपोआप मदत मागवायची, की पडद्यावर बोट तीन सेकंद दाबून धरल्यावरच मागवायची. दुसरा पर्याय निवडला की खिशातल्या किल्ल्या हरतात. यावर म्हटलं जाईल की हल्ला झालेल्या बाईनं तीन सेकंद बोट कसं धरायचं? बरोबर आहे, आणि म्हणूनच हा निर्णय सगळ्यांसाठी एकच असू नये. संध्याकाळच्या गाडीनं शेगाव-अकोल्याहून एकटी परतणाऱ्या मुलीनं आपोआप चालणारा पर्याय ठेवावा. दिवसभर वरच्या खिशात फोन घालून जिनिंगमध्ये गाठी उचलणाऱ्यानं दुसरा घ्यावा. आवाज सुरू झाला की आकडे संपायच्या आत पडद्यावरून ते रद्द केलं तर फोन जातच नाही, हे मात्र दोघांनाही माहीत हवं. आणि गेलाच, तर नंतर वरच्या पट्टीत पाहावं. घरच्यांना तुमचं ठिकाण कळवायची सोय लावलेली असेल, तर ते कळवणं तिथं चालूच राहिलेलं असतं, ते वेगळं बंद करावं लागतं. नाहीतर इकडं सगळं निवांत आणि पुण्यातला मुलगा रडकुंडीला आलेला.

जुन्या सॅमसंग फोनमधला ‘इमर्जन्सी मोड’ हे आणखी निराळं प्रकरण. तो चुकून लागला की पडदा काळा होतो, चार-सहा चिन्हं उरतात, फोटो नाहीत, व्हॉट्सॲप नाही. तो बॅटरी वाचवण्यासाठी असं करतो. फोन बिघडला, कुणी हॅक केला, अशी समजूत होते आणि तो दुकानात जातो. तिथं कुणी घाईत सगळं पुसून नव्यासारखा करून दिला, तर लग्नाच्या फोटोंसकट सारं जातं. खरं तर पॉवरचं बटण दाबून धरलं की त्याच यादीत हा मोड बंद करायची ओळ असते. दाबल्यावर थोडा वेळ थांबावं लागतं इतकंच.

शिरणं इतकं सोपं आणि बाहेर पडणं इतकं आडवळणी, हा दोष कंपन्यांचा आहे, म्हाताऱ्यांचा नाही. घाबरलेल्या माणसासाठी दार उघडं ठेवलंत ते योग्यच, पण चुकून आत आलेल्यालाही बाहेरची वाट तितक्याच मोठ्या अक्षरांत आणि मराठीत दिसायला हवी. कंपन्या ऐकतील तेव्हा ऐकतील. तोवर हे काम मोबाइलच्या दुकानदारानं करावं. नवा फोन विकताना काच चिकटवून, कव्हर घालून, जीमेलचं खातं काढून देईपर्यंत गिऱ्हाईक काउंटरपाशी उभंच असतं. त्यातच एसओएसचा पर्याय विचारून लावून द्यावा आणि कव्हर घातल्यावर बाजूचं बटण सुटं वर येतंय का ते दाबून पाहावं. नसेल येत, तर ते कव्हर परत घ्यावं.