पाणी बदलायचे की नाही?

दिवाळी जवळ आली की आपल्या घरांत एक विलक्षण वारे शिरते. माळ्यावरची भांडी खाली येतात, पडदे धुतले जातात, पंख्यांची पाती पुसली जातात आणि जे जे मळकट दिसेल ते ते घासूनपुसून काढण्याचा सपाटा सुरू होतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण यंदा या तडाख्यात एक काचेची पेटी सापडली, म्हणून हा प्रपंच.

आमच्या माजिवड्यात इमारती चढत गेल्या तशा लोकांच्या हौसाही चढल्या. गोड्या पाण्यातले मासे पुष्कळांकडे असतात. समोरच्या बिऱ्हाडातल्या चिरंजीवांनी हट्ट धरला तो खाऱ्या पाण्यातल्या, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या माशांचा. एके काळी समुद्रातले मासे पाहायचे तर १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाची वारी करावी लागे. आता समुद्र दिवाणखान्यात येतो. पेटी आली, वाळू आली, दगड आले, खास मीठ कालवून पाणी भरले. बाराव्या दिवशी ते गढूळ दिसू लागले आणि वहिनींनी आम्हांला लिफ्टपाशी गाठले.

“सर, सगळं पाणी काढून वाळूबिळू नळाखाली स्वच्छ धुवून टाकते. भाऊबीजेला मासे आणायचेत. दुकानदार म्हणतो, पेटीची सायकल चालू आहे, पाण्याला हात लावू नका. कसली मेली सायकल?”

सायकलऐवजी ‘चक्र’ म्हटले असते तर अर्धा घोटाळा टळला असता! माशांच्या विष्ठेतून नि उरल्यासुरल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जंतू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे नायट्रेट. अमोनिया माशांना विष. आणि समुद्राचे पाणी अल्कधर्मी असल्यामुळे तिथे तो विशेष जहाल. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सौम्य. नव्या पेटीत हे जंतू पुरेसे नसतात. मासे आणण्यापूर्वी चिमूटभर खाणे किंवा कोलंबीचा तुकडा टाकून त्यांचे बिऱ्हाड वसवायचे, त्याला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. विरजणातले जंतू तासाभरात दुप्पट होतात, यांना अर्धा-एक दिवस लागतो. रात्री लावले नि सकाळी लागले, हे दह्याचे गणित इथे चालत नाही.

आता हे जंतू राहतात कुठे? सारा वाद याच प्रश्नापाशी येऊन ठेपतो, आणि त्याचे उत्तर फार जुन्या एका प्रयोगात सापडते. १८७७ साली श्लोसिंग आणि म्युन्ट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या लांब नळीतून गटाराचे पाणी थेंब थेंब सोडले. वीसेक दिवस आत गेलेला अमोनिया तसाच बाहेर येत होता. मग नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच काम बंद पडले आणि पुढे ताज्या मातीचे थोडे पाणी विरजणासारखे घालताच पुन्हा सुरू झाले. गंमत अशी की पाणी तर सारखे नवे येत होते नि वाहून जात होते. कामकरी मंडळी वाळूला चिकटून होती.

तेव्हा पाणी बदलले की जंतू जातील, ही दुकानदाराची भीती फारशी खरी नाही. पण मासे नसताना उगाच बदलण्यातही अर्थ नाही. जंतूंचे अन्न तेवढे ओतले जाते. गढूळपणा बहुधा आपोआप निवळतो. चाचणीत अमोनिया लिटरला चार-पाच मिलिग्रॅमच्या वर गेला, किंवा दगडांवर काही जिवंत प्राणी आले असतील, तर मात्र थोडे पाणी अवश्य बदलावे. खरा घात आहे तो वहिनींच्या दुसऱ्या बेतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. त्याखाली वाळू, दगड आणि गाळणीचा स्पंज खसखसून धुतला की बारा दिवसांचे बिऱ्हाड मोडले, आणि भाऊबीजेला आणलेले मासे चार दिवसांत पोरासमोर पाण्यावर तरंगले म्हणून समजा.

“मग आणायचे तरी कधी?” वहिनींनी विचारले. खाणे टाकल्यावर दुसऱ्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसतील तेव्हा. म्हणजे बहुधा त्रिपुरी पौर्णिमेच्या पुढेमागे. तोवर साचलेले नायट्रेट काढायला मासे आणण्याआधी बरेचसे पाणी एकदम बदलावे. तिथे वहिनींचीही हौस भागते! नवे पाणी क्लोरीन काढलेले, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असलेले आणि पेटीइतकेच ऊबदार हवे.

तोपर्यंत ऑक्टोबरच्या उन्हाळ्याने पातळी उतरेल, तेव्हा भर घालायची ती क्लोरीन काढलेल्या बिनमिठाच्या पाण्याची. वाफ होते पाण्याची, मीठ मागेच राहते. मिठागरे पाहिलेल्या ठाणेकराला हे निराळे सांगायला नको. आणि मासे आणताना अर्धा डझन एकदम आणू नयेत. जंतू वाढलेले असतात ते मिळालेल्या अन्नाच्या मापानेच. आधी एक-दोन आणावेत, दोन-तीन आठवडे चाचणी शून्यावर राहिली तर पुढचे.