श्रावणात मोडलेला क्लास

व्हायवातला ठरलेला प्रश्न: "इनहेरिटन्स म्हणजे काय?" आणि ठरलेलं उत्तर: प्राणी हा बेस क्लास, कुत्रा आणि मांजर हे डिराइव्हड क्लास. उत्तर पाठ, मार्क पक्के. हे कुत्रं आपल्यापैकी बहुतेकांच्या जर्नलमध्ये भुंकून गेलंय. पण त्याने आपल्याला डिझाइन शिकवलं का? माझं सरळ मत आहे, नाही.

माझाच किस्सा सांगतो. दुसऱ्या वर्षी आम्ही मिनी प्रोजेक्ट म्हणून मेस बिलाचा प्रोग्राम केला. 'मेंबर' हा बेस क्लास, त्याचे 'व्हेज मेंबर' आणि 'नॉनव्हेज मेंबर' असे दोन वारस. इनहेरिटन्स झालं, पॉलिमॉर्फिझमही झालं. एक्स्टर्नल खूश! मेस सेक्रेटरीनेही तो वापरायला घेतला.

मग श्रावण आला. श्रावण काही १ तारीख बघून सुरू होत नाही. महिन्याच्या मधेच अर्धी मेस व्हेज झाली आणि आमची पंचाईत. सी प्लस प्लस असो वा जावा, एकदा तयार झालेल्या ऑब्जेक्टचा क्लास बदलता येत नाही. जुना मेंबर काढून नवा टाकला, तर त्याच्याबरोबर आधीचे खाडेही गेले. माझा रूम पार्टनर ८ दिवस गावी होता, तरी त्याला पूर्ण महिन्याचं बिल. त्याला घरून मोजकेच पैसे यायचे. तो काही बोलला नाही, पण दोन दिवस त्याच्या नजरेला नजर देववली नाही. सेक्रेटरी मुकाट्याने वहीकडे परतला.

चूक कोडिंगची नव्हतीच. व्हेज-नॉनव्हेज हा माणसाचा प्रकार नाही, ती त्याने घेतलेली थाळी आहे आणि थाळी बदलते. म्हणजे मेंबरचा क्लास एकच, थाळीचा वेगळा आणि कुठल्या तारखेपासून कुठली थाळी याची नोंद. एवढंच! गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडेस यांच्या १९९४ च्या 'डिझाइन पॅटर्न्स' या पुस्तकात हे सुरुवातीच्याच प्रकरणात आहे: वारसा घेण्यापेक्षा वेगवेगळी ऑब्जेक्ट्स जोडून काम करून घेणं पसंत करा. पण नुसतं वाचून ते डोक्यात शिरत नाही. श्रावण यावा लागतो.

म्हणून म्हणतो, लॅबमध्येच श्रावण आणा. सबमिशन झालं की दोन आठवड्यांनी सरांनी एक अट बदलावी आणि प्रत्येक ग्रुपने स्वतःचा नव्हे, शेजारच्या ग्रुपचा कोड सुधारावा. एवढ्याशा बदलासाठी किती ठिकाणी हात घालावा लागला, यावरून डिझाइन कसं होतं ते आपोआप कळेल.

दुसरं म्हणजे, कॉम्प्युटर सुरू करण्याआधी कार्डं. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ मध्ये ही पद्धत मांडली. ४ बाय ६ इंची कार्डावर क्लासचं नाव, त्याच्या जबाबदाऱ्या आणि त्याला मदत करणारे क्लास, बस्स. चौघांनी एकेक कार्ड हातात धरून 'खाडा पडला, आता कोण काय करणार?' असं बोलून बघायचं. एखाद्या कार्डावर जागा पुरेना, तर समजायचं की त्या क्लासच्या डोक्यावर फार ओझं झालंय. खर्च म्हणाल तर जुन्या पुठ्ठ्याचा.

स्टाफरूममधून आक्षेप येईल: "पोरांना साधा पॉइंटर कळत नाही, सिलॅबस संपत नाही, त्यात हे कधी शिकवू?" आक्षेप रास्त आहे. पण नवीन काही वाढवायचं नाहीच. त्या कुत्र्या-मांजराचं एक प्रॅक्टिकल कमी करा, तेवढा वेळ पुरेल. आणि आपणही सीनियरचं जर्नल उतरवणं थांबवूया; नाहीतर श्रावण आणूनही उपयोग नाही.

रूम पार्टनरचे खाडे पुढच्या बिलात वळते झाले. माझे प्रोजेक्टचे मार्क मात्र कोणी कापले नाहीत. खरं तर कापायला हवे होते.