बीटी कापूस: जनुक कोणतं यापेक्षा ते बसलंय कुठे, हे का महत्त्वाचं?

खरीप जवळ आला की नांदेडमधल्या इस्लापूर-किनवटसारख्या कापूस पट्ट्यात बियाण्यांची चर्चा सुरू होते. बीटीला परवानगी आहे, मग तणनाशक सहन करणाऱ्या 'एचटीबीटी'ला का नाही, हा नेहमीचा प्रश्न.

याचं एक उत्तर जनुकाच्या जागेत आहे. बाहेरचं जनुक पेशीत सोडलं की ते गुणसूत्रावर कुठेही बसू शकतं. डीएनए सैल असलेल्या भागात बसलं तर जोमानं काम करतं. घट्ट गुंडाळलेल्या भागात बसलं तर मंदावतं, कधी गप्पच राहतं. झाडाच्या स्वतःच्या जनुकात घुसलं तर तेही बिघडू शकतं. म्हणून शास्त्रज्ञ अनेक रोपं तपासून त्यातलं योग्य निवडतात. जनुक अशा ठरावीक जागी बसण्याच्या घटनेला 'इव्हेंट' म्हणतात.

परवानगी नुसत्या जनुकाला नाही, इव्हेंटला मिळते. भारतात २००२ मध्ये 'मॉन ५३१' आणि २००६ मध्ये 'मॉन १५९८५' मंजूर झाले. शेकडो वाणांत ते संकरातून गेले, पण जनुकाची जागा तीच राहिली.

एचटीबीटीचा एकही इव्हेंट लागवडीसाठी मंजूर नाही. त्यामुळे चोरून विकलेल्या पाकिटात नेमकं काय आहे, याची हमी कुणीच देत नाही. पीक फसलं, तर पक्की पावती नसलेल्या शेतकऱ्यानं दाद कुठे मागायची?