दोन मिनिटे आईने बाहेर बसावे

तरुण मुलीच्या पोटात दुखू लागले की आपल्या घरांत दोनच निदाने होतात: ‘बाहेरचे खाल्ले असेल’, नाही तर ‘पाळीचे असेल’. ओवा दिला जातो, पोट शेकले जाते. बहुतेकदा तेवढ्याने भागतेही. पण बेंबीभोवतीची कळ काही तासांत उजवीकडे खाली सरकली, तर अपेंडिक्सची शंका घ्यावी. चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये दाखवलेली ती जागा डॉक्टर आजही चाचपतात. मात्र तिच्या शेजारीच बीजांडकोश आणि गर्भनलिका असतात आणि खरी फसगत तिथे होते. बीजांडकोशाला पीळ पडला तर एकाएकी असह्य कळा येतात, उलट्या होतात. उशीर झाला तर तो गमवावा लागतो. नलिकेतच गर्भ राहून ती फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीवावर बेतते.

म्हणूनच डॉक्टर शेवटच्या पाळीची तारीख विचारतात, लघवीची गरोदरपणाची तपासणी सांगतात. मुलगी अविवाहित असली की पालक दुखावतात, याचे मला नवल वाटत नाही. पण उत्तरही आईच देते, ‘अगदी नियमित आहे हो!’ माझे म्हणणे एवढेच, की त्या प्रश्नापुरते आईने बाहेर बसावे. खोलीत परिचारिका असू द्यावी. (डॉक्टरांनीही तसे सुचवताना संकोचू नये.) तपासणी काही मिनिटांत होते आणि सोनोग्राफीत नेमके काय शोधायचे, तेही मग कळते.