जुळवून घ्या म्हणे!

मुलगी सासरी निघाली की आमच्याकडच्या बायका तिच्या कानात एकच सांगायच्या, "जुळवून घे गं बाई." सासूला किंवा नवऱ्याला कुणी जुळवून घ्यायला सांगितल्याचं मी सत्तरी ओलांडली तरी ऐकलेलं नाही.

परवा पुतण्याने मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली. विषय, हवामान बदलाशी जुळवून घेणारा दुष्काळी भागातला छोटा शेतकरी. डाळिंबाची बाग, तिच्याकडेला निळं प्लॅस्टिक अंथरलेलं काठोकाठ भरलेलं शेततळं, आणि मागे सनई. खाली पुतण्याचा शेरा, "काका, आपलं पण असंच दिसतं ना?"

दिसतं. तंतोतंत असंच दिसतं. म्हणून तर लिहायला बसलो.

आमचं गाव सांगोला तालुक्यात. चांगल्या वर्षी साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस. तोही आता धड वागत नाही. २०२३ चा ऑगस्ट देशात शंभराहून जास्त वर्षांतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि २०२५ च्या सप्टेंबरात आमच्याच जिल्ह्यात सीना नदीने गावंच्या गावं पाण्यात घातली. हवामान बदललंय, यावर माझा वाद नाही. वाद आहे तो या शेततळ्याला 'जुळवून घेणं' म्हणण्यावर.

शेततळं ही मूळ कल्पना सोन्यासारखी आहे. उताराचं वाहून जाणारं पाणी खड्ड्यात अडवायचं आणि मधे पावसाने ताण दिला की पिकाला एखादं पाणी द्यायचं. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली ती याच विचाराने. पण आमच्याकडे बांधली गेली ती बहुतेक तळी नव्हेतच, त्या टाक्या आहेत. उंचवट्यावर, चारी बाजूंनी मातीचा भराव घातलेल्या. पावसाचं पाणी आत यायला वाटच नाही. मग ती भरते कशी? बोअरने! पावसाळ्यात आणि हिवाळ्यात, जमिनीखाली पाणी असतं तेव्हा, रात्रंदिवस मोटर चालवून उपसायचं आणि उन्हाळ्यासाठी उघड्यावर साठवायचं.

गणिताचा मास्तर नव्हतो, पण हे गणित पाचवीतलं आहे. तीस बाय तीस मीटरचं तळं, म्हणजे नऊशे चौरस मीटर. एप्रिल-मेच्या उन्हात रोज सेंटिमीटरभर पाणी सहज उडून जातं. म्हणजे दिवसाला नऊ हजार लिटर. टंचाईत टँकरचं पाणी माणशी वीस लिटर धरतात. साडेचारशे माणसांचं एका दिवसाचं पाणी एकट्या तळ्यावरून आभाळात जातं आणि आपण त्याला पाणी साठवणं म्हणतो.

बरं, ते पाणी होतं कुणाचं? आमची जमीन म्हणजे वर हातभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. त्या भेगा सातबारा बघून थांबत नाहीत! बांधाशेजारी माझ्या बालमित्राची विहीर आहे. १९७२ च्या दुष्काळात आम्ही दोघांनी रोजगाराच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खाल्ल्या. तेव्हा धान्य नव्हतं, पण त्या विहिरीत घागर बुडत होती. आमचं तळं झालं आणि तिसऱ्या उन्हाळ्यात ती विहीर तळाला गेली. गेल्या मे महिन्यात तो भेटला तेव्हा भांडला नाही. एवढंच म्हणाला, "गुरुजी, तुमच्या तळ्यात बदकं पवत्यात म्हणं."

मी त्या तळ्याच्या पूजेला हजर होतो. पेढे खाल्ले होते. सातबाऱ्यावर माझंही नाव असल्यामुळे संमतीपत्रावर सहीही माझीच होती. तेव्हा हा लेख दुसऱ्याकडे बोट दाखवणारा नाही.

२००९ च्या भूजल कायद्याने शेतीसाठी साठ मीटर, म्हणजे जवळजवळ दोनशे फुटांपलीकडे बोअर घ्यायला मनाई केली आहे. आमचा बोअर किती खोल आहे ते इथे लिहीत नाही, उगीच पुतण्याच्या अंगाशी यायचं. पण गावात दोनशे फुटांवर थांबलेली बोअरची गाडी मी तरी पाहिलेली नाही.

पुतण्याचं उत्तर मला पाठ आहे. "काका, तुम्हाला पेन्शन आहे." खरं आहे, आणि लागतंही. दर महिन्याच्या पैशावर बसून मी पाण्याच्या नीतीवर बोलतो; त्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज, पोरीची कॉलेजची फी आणि तेल्याने एकदा गेलेली बाग. पाणी मी नाही उपसलं तर शेजारचा उपसणार, हा त्याचा हिशेबही चुकीचा नाही. एकेकट्याने जुळवून घ्यायचं ठरवलं की असंच होणार. ज्याची मोटर मोठी त्याचं हवामानाशी जुळतं, आणि ज्याची विहीर उथळ त्याने ऊसतोडीला जावं. त्याची चित्रफीत कोण काढणार?

आणि दुसरा रस्ता नव्हता असंही नाही. त्याच बहात्तरच्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदरच्या नायगावात पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या एकरावर नाही, घरातल्या माणसांवर. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले आणि पडलेला पाऊस मोजून वर्षाचा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायला सुरुवात केली. पाऊस कमी, तर पिकंही कमी पाण्याची. पोपटराव पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या गावाने फ्लेक्स लावला. बोअर एकही बंद केला नाही.

आमचे आजोबा यापेक्षा अडाणी होते, पण जुळवून घेणं त्यांना ठाऊक होतं. काळ्या रानात पावसाची ओल धरून ठेवायची आणि तिच्यावर रब्बीला मालदांडी काढायची. वरून थेंब नको. कडबा वर्षभर खिलाराला. मेंढरं घेऊन धनगर पावसामागे जायचे. माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त गाव शेवटी उठून जातं, ते वाचताना आमच्या शहरी पाहुण्यांना नवल वाटायचं, आम्हाला नाही. पुन्हा त्या दिवसांत जावं असं मी म्हणत नाही, त्यात उपासमारही होती. पण ज्वारीच्या एकराला डाळिंबाच्या एकराइतका आधार कुणी दिलाय का? तळ्याच्या प्लॅस्टिकला अनुदान आहे. शेजाऱ्यासाठी मोटर बंद ठेवणाऱ्याला काय आहे?

असो. हे सगळं आज उकरून काढायचं कारण असं, की चित्रफितीच्या मागोमाग पुतण्याने दुसऱ्या तळ्याचं संमतीपत्रही पाठवलंय. टेबलावर पडलंय. सही केलेली नाही. सौ. म्हणतात, घरातल्या घरात वाकडेपणा कशाला, करून टाका. रविवारच्या एसटीने गावी जातोय, आणि आधी बांधापलीकडे जाऊन मग घरी येईन. बाळा, हे तू वाचशीलच. रागवायचं असेल तर रविवारच्या आत उरकून घे.